जेवल्याशिवाय नाव नाही

१

मर्टी लाउनीला वाचता येत नसे, पण मंगळवार त्याला अचूक कळे. मंगळवारी सकाळी ब्यूट या खाणींच्या गावातल्या टेकडीवर कचऱ्याची गाडी खडखडत चढायची आणि ती उतरून गेली की चर्चच्या तळघरातलं जुन्या वस्तूंचं दुकान उघडायचं. मर्टी टोपी कानांवर ओढायचा, गोणपाटाची पिशवी घ्यायचा आणि खिडकीपाशी बसलेल्या नोनीला सांगायचा, “आलोच गं.” नोनी काही बोलायची नाही. तरी सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही त्याची पन्नास वर्षांची सवय. खाणीत उतरायचा तेव्हाही सांगूनच उतरायचा.

जानेवारीपासून त्याचं हे चाललं होतं. त्याला मार्चातल्या सेंट पॅट्रिकच्या सणाचं टेबल मांडायचं होतं, नोनी मांडायची तसं. हिरव्या काचेचे पेले, तीन पानांची नक्षी असलेल्या बशा, पितळी मेणबत्तीदाण्या, मधोमध पांढऱ्या सुरईत जे मिळेल ते हिरवं. चाळीस वर्षं ते टेबल पाहायला आळीतल्या बाया काही ना काही निमित्त काढून यायच्या. दोन वर्षांपूर्वी नोनीचं विसरणं वाढलं, आणि एक दिवस तिने उकळती किटली पेल्यात न ओतता टेबलावरच ओतली. तेव्हा त्यांची लेक पेग मिझूलाहून आली, सगळी काच खोक्यांत भरली आणि देऊन टाकली. पेगचंही काही चुकलं नव्हतं. पण त्या दिवसापासून नोनी गप्प होत गेली, आणि हळूहळू तिचं जेवणही सुटत चाललं.

नाताळात पेग स्पष्टच बोलली होती. “डॅडी, आईची हाडं दिसायला लागली. सिस्टरांच्या वृद्धाश्रमात मार्चअखेर एक खोली रिकामी होतेय.”

“पॅट्रिकपर्यंत थांब,” मर्टी म्हणाला. “तिचं टेबल मांडतो. ते पाहिलं की जेवेल ती.”

“आणि नाही जेवली तर?”

“तर तू म्हणशील तसं. पण जेवली, तुझ्या डोळ्यांदेखत जेवली, तर उन्हाळ्यापर्यंत तरी तिला घरी राहू दे.”

पेगने नाक पुसलं आणि मान हलवली. बापलेकीत एवढंच ठरलं होतं. म्हणून हे मंगळवार.

दुकानात मिल्का वुकोविच गल्ल्यावर बसायची. सर्बियन बाई, तोंडाने फाटकी, मनाने लोणी.

“आलास का म्हाताऱ्या? माझं अर्धं दुकान घरी नेलंस. आज काय, राणी यायची आहे की काय जेवायला?”

“राणी घरातच आहे. चादर हवी टेबलावर घालायला.”

“त्या कोपऱ्यातली खोकी उचक. कालच आलीत. आणि नीट घडी घालून ठेव, तुझ्यामागे आवरायला मी काही तुझी बायको नाही.”

एका खोक्याच्या तळाशी सुतळीने बांधलेली घडी होती. जाड पांढरं लिनन आणि त्यावर हिरव्या दोऱ्याने भरलेली वेल, वळत, गाठी घेत, मध्येच उंच होत पसरलेली. मर्टीने बोट फिरवलं. उजव्या हाताची तर्जनी त्याने खाणीत गमावली होती, म्हणून मधलं बोट. टाका बारीक होता, कुठेही सुटलेला नव्हता. वेलीला एकही पान नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं. पण म्हटलं, असेल एखादीची तऱ्हा. मिल्का दुसऱ्या गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती. तिने घडी न उघडताच पिशवीत कोंबली.

२

घरी येऊन त्याने जेवणघरात चादर अंथरली. टेबल आठ जणांचं. चादर चारही बाजूंनी सारखी लोंबली, जणू मापून शिवलेली. तो सुरकुत्या काढत असतानाच मागे चपलांचा आवाज झाला. नोनी आपल्या पायांनी उठून आली होती.

ती वाकली, वेलीवर बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे सरकवलं.

“हॅना,” ती म्हणाली.

मर्टी जागच्या जागी थांबला. महिनाभरात त्याने तिचा आवाज ऐकला नव्हता.

“हॅना नेहमी उशिरा येते. आली की आधी हात शेकते, मगच बसते. हा जेरी. याला कशातही मीठ कमीच पडतं. ही किट. हिचं हसू ऐकलंस का कधी? छपराचे पत्रे हलतात. आणि हा बिचारा ओनी. बोलत नाही फारसं.”

“अगं, म्हणजे ही वेल नव्हे?”

“वेल?” नोनीने वर पाहिलं आणि चक्क हसली. “मर्टी, पन्नास वर्षांत तू काही सुधारला नाहीस. नावं आहेत ही! पाहुण्यांनी जेवून झाल्यावर पेन्सिलीने सही करायची, आणि मग घरच्या बाईने ती दोऱ्याने भरायची. माझ्या आजीकडे नव्हती का अशी चादर? पण जेवल्याशिवाय नाव नाही. नुसता चहा पिऊन गेलेल्याला पेन्सिल द्यायची नाही.”

मर्टीला ते आठवलं. त्याच्या लग्नाच्या आधी आजीच्या चादरीवर त्याने फुली मारली होती, आणि आजीने ती फुलीही दोऱ्याने भरली होती. लग्नानंतर नोनीने त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि म्हणाली, तुझं नाव शिकवते. तो म्हणाला, आधी तुझं शिकव. त्यामुळे जगात त्याला दोनच शब्द लिहिता-वाचता येत, आणि त्यातला पहिला नोनी. खाणीत लाकडी टेकू लावून झाला की त्यावर खडूने तेवढं लिहायचा. तुटक्या बोटामुळे शेवटच्या अक्षराची शेपटी नेहमी खाली घसरायची. जोडीदार हसायचे, “मर्टीच्या बायकोला शेपूट आहे.”

आता त्याला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. नावं तर समोर लिहिलेलीच आहेत, ती तिने वाचली. बाकी हात शेकणं, मीठ, हसणं, ते सगळं तिच्या मनातलं. डॉक्टर म्हणालेच होते की मनात पोकळी झाली की माणूस ती हाताला येईल त्याने भरतो. खाणीत नाही का, माल काढून घेतला की रिकाम्या जागेत दगडगोटे भरत.

संध्याकाळी त्याने बटाट्याचं सूप तिच्यापुढे ठेवलं. नोनीने वाडगा दोन बोटांनी हळूच मागे सारला.

“मी जेवले,” ती म्हणाली.

“कधी गं?”

“आत्ताच तर उठलो सगळे.”

३

पुढचे दहा दिवस हेच. सकाळी चहा घ्यायची, दोन घोट. दुपारी नाही, रात्री नाही. “जेवून आले,” म्हणायची, परक्या घरी आपण म्हणतो तशी, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हसून.

पेगचा फोन यायचा. “डॅडी, खरं सांग. आज काय खाल्लं आईने?”

“म्हणते, जेवले.”

“म्हणते! आणि तू पाहिलंस?”

मर्टी फोन ठेवून द्यायचा. कारण त्याने पाहिलं होतं ते भलतंच होतं. नोनीचे गाल भरत होते. बांगडी मनगटावरून कोपरापर्यंत घसरायची, ती आता मनगटातच राहात होती. माणूस दहा दिवस उपाशी राहतो आणि अंगाला लागतं, असं कुठे असतं?

मी बर्फ ओढायला बाहेर जातो तेव्हा खात असेल चोरून, असं त्याने मनाला सांगितलं. मग तो पाव मोजून ठेवू लागला. पाव कमी होईना. लोण्यावर सुरीची खूण करून ठेवली, ती तशीच.

गुरुवारी तिच्या लोकरीच्या जाकिटावर त्याला एक चुरा दिसला. झटकायला गेला आणि तो बोटाला चिकटला. पावाचा चुरा, अजून कोमट, आत शहाजिऱ्याचा दाणा. नोनीने आयुष्यात कधी सणाच्या पावात शहाजिरं घातलं नाही. मनुका घालायची, बस्स. शहाजिरं घालणाऱ्या बायांना ती नावं ठेवायची. घरात शहाजिऱ्याची पुडीसुद्धा नव्हती.

त्याच दुपारी तीनच्या सुमाराला तो स्वयंपाकघरात सूप ढवळत होता. जेवणघराचं दार बंद होतं. नोनी खिडकीपाशी असेल, असं तो धरून चालला होता. आणि आतून आवाज आला. मोठा नव्हे. खुर्ची ओढताना कुणी ती थोडी उचलून धरावी, तसा. चमचा पेल्याला लागू नये म्हणून जपावं आणि तरी लागावा, तसा. घरात कुणी आजारी निजलं असताना पाहुणे जेवतात ना, तसं ते सगळं चाललं होतं.

ब्यूटमधली घरं पोकळ जमिनीवर उभी आहेत. खाली मैल न् मैल बोगदे. भिंती करकरतात, कपाटातली भांडी आपोआप वाजतात, आणि कुणी मान वर करून पाहातही नाही. मर्टीने स्वतःला हेच सांगितलं. पण त्याच्या हाताला दुसरी एक सवय होती. छताखाली जाण्याआधी पहारीने छत ठोकायचं आणि कान द्यायचा. पोकळ वाजलं तर माघार. त्याने पळी हातात तशीच ठेवून मधल्या बोटाच्या पेराने जेवणघराच्या भिंतीवर टकटक केली.

ती भिंत तो चाळीस वर्षं ओळखत होता. पलीकडे मोठी रिकामी खोली, म्हणून ती नेहमी ढबढब वाजायची.

आज ती भरीव वाजली. पलीकडे माणसं दाटीने बसली असावीत, अशी.

आतले आवाज थांबले. मर्टी दारापाशी गेला आणि पळी घेऊन बराच वेळ उभा राहिला. दार त्याने उघडलं नाही. थोड्या वेळाने ते आतून उघडलं आणि नोनी ओठ टिपत बाहेर आली.

“सूप कशाला रे केलंस?” ती मायेने म्हणाली. “तुला एकट्याला किती लागणार?”

४

सणाच्या आदल्या दुपारी मर्टीने टेबल मांडलं. त्यात मात्र त्याने कसूर केली नाही. मेणबत्तीदाण्या राखेने घासल्या. हिरवे पेले व्हिनेगरच्या पाण्यातून काढून उजेडाकडे धरून पाहिले. त्यातला एक त्यांचाच होता, कडेला टवका उडालेला. आपलाच पेला आपण मिल्काकडून विकत आणला याचं त्याला हसू आलं होतं. सहा बशांवर तीन पानांची नक्षी, दोन बशांवर गुलाब. गुलाबाच्या त्याने मागे ठेवल्या. कुणाच्या तरी वाजंत्री पथकातल्या जुन्या हिरव्या फिती मिळाल्या होत्या, त्यांनी नॅपकिन बांधले. सुरईत देवदाराच्या डहाळ्या. चौघांची जागा: आपण, नोनी, पेग, आणि मिल्का, कारण तिने स्वतःच स्वतःला बोलावलं होतं. उरलेल्या चार खुर्च्या भिंतीला लावल्या.

मेणबत्त्या आणायला तो स्वयंपाकघरात गेला. परत आला तर आठही खुर्च्या टेबलाशी होत्या.

मीच लावल्या असतील, तो म्हणाला. सवय आहे हाताला.

त्याने मेणबत्ती खोचली आणि नोनीच्या जागेवरची बशी जरा सरळ केली. बशीच्या कडेशी कापडावर काहीतरी करडं दिसलं. डाग वाटला म्हणून त्याने बशी उचलली.

पेन्सिलीने लिहिलेलं नाव होतं. ते त्याला वाचता आलं. जगात वाचता येणाऱ्या दोन शब्दांतला पहिला. आणि शेवटच्या अक्षराची शेपटी खाली घसरलेली होती.

त्याचं स्वतःचं अक्षर होतं ते.

मर्टी खुर्चीवर बसला. मी लिहिलं? कधी? पेन्सिल तर घरात असलीच तर पेगच्या जुन्या शाळेच्या डब्यात असेल. मग त्याला वाटलं, हेच ते असावं. नोनीला लागलेलं विसरणं आता मला लागलं. खुर्च्या मी लावल्या आणि विसरलो. नाव मी लिहिलं आणि विसरलो. पाव मी भाजला, शहाजिरं मी आणलं. हे सगळं खरं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं, म्हणजे भ्यायचं ते फक्त स्वतःला. पण शहाजिरं कुठून आणलं, हे काही केल्या त्याला आठवेना.

त्याने पावाचा मऊ गर घेतला, गोळी केली आणि नावावरून फिरवली. पेन्सिल पावाने निघते, हे त्याला नोनीनेच शिकवलेलं. नाव निघालं. कापड स्वच्छ झालं. तो पाठमोरा वळला आणि मागे बारीकसा आवाज आला. ताणलेल्या कापडातून सुई जाताना होतो, तो ‘पुट्’. आणि पाठोपाठ दोरा ओढल्याची लांब सळसळ.

एकदाच. त्याने वळून पाहिलं तर टेबल तसंच, सुंदर, मांडलेलं. वाट पाहात असलेलं.

५

सणाला पेग एकच्या सुमाराला आली. दारातच उभी राहिली आणि तिचा हात तोंडावर गेला.

“डॅडी! हे सगळं तू केलंस?”

“मग काय मी केलं?” मागून मिल्का म्हणाली. तिच्या काखेत अक्रोडाचं सारण भरलेली गोड पावाची वळी होती. “दोन महिने माझं डोकं खाल्लंय तुझ्या बापाने. हिरवी बशी दे, हिरवा पेला दे. म्हटलं, बाबा रे, मीच हिरवी होऊन बसते टेबलावर.”

पेगने चादरीकडे पाहिलं. “ही कुणाची नावं?”

“पाहुण्यांची,” नोनी म्हणाली.

पेग चमकली. आईच्या आवाजाने, तिच्या भरलेल्या गालांनी, विंचरलेल्या केसांनी. तिने बापाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात एवढी आशा होती की मर्टीने मान खाली घातली.

सगळे बसले. प्रार्थना झाली. खारवलेलं मांस वाफाळत होतं, कोबी, गाजरं, बटाटे. मर्टीने नोनीची बशी स्वतः वाढली, तिला आवडतं तसं लोणी बटाट्याच्या मधोमध खड्डा करून. नोनीने बशी पाहिली, टेबल पाहिलं, मेणबत्तीदाणीवरून बोट फिरवलं.

“किती छान मांडलंय,” ती म्हणाली. “माझ्या टेबलासारखं.”

“तुझंच आहे गं आई. खा ना.”

“नको, बाळा. मी आत्ताच जेवून आले.”

मग पेगने समजावलं, मिल्काने थट्टा केली, मर्टीने काही केलं नाही. नोनी हसून सगळ्यांना नाही म्हणत राहिली. मांस गार झालं, लोणी खड्ड्यात वितळून पुन्हा गोठलं. शेवटी पेग उठली आणि बशा गोळा करू लागली. नोनीची भरलेली बशी मात्र तिने तशीच ठेवली. ती बापाजवळून जाताना हळूच म्हणाली, “महिनाअखेरच्या शुक्रवारी गाडी घेऊन येते, डॅडी. रागावू नकोस.”

“नाही रागावत.”

मिल्काही तिच्यामागे गेली. स्वयंपाकघरात पाणी वाहू लागलं. त्या आवाजाखाली पेगचं रडणं त्याला ऐकू आलं.

६

बाहेर बर्फाचे ढग उतरले होते. चार वाजले नव्हते, तरी खोलीत करडं झालं. दोन मेणबत्त्या तेवढ्या.

“तू का येत नाहीस रे?” नोनी म्हणाली.

“कुठे?”

“रोज दारात उभा राहतोस. त्या दिवशी हातात पळी होती. सगळ्यांना दिसलास. हॅना म्हणाली, बोलवा त्यांना आत. मी म्हटलं, लाजाळू आहे तो. सावकाश येईल.”

त्या दिवशी दार बंद होतं. मर्टीला हे पक्कं आठवत होतं. विसरणं लागलेल्या माणसाला आठवावं, त्याहून पक्कं.

त्याच्या मांडीवरचा नॅपकिन घसरला. तो उचलायला तो वाकला. चादरीची कड टेबलाखाली लोंबत होती, आणि तिच्याखाली, समोरच्या रिकाम्या चार खुर्च्यांपाशी, पाय होते. एक जोडी बायकी, काळ्या बुटांची, बंद नीट बांधलेले. एक जोडी खाणीतल्या बुटांची, टाचांना ताजा ओला लाल चिखल. आणखीही होते. त्याने मोजले नाहीत. तो वाकलेला आहे हे जणू त्यांना कळलं, आणि ते सगळे पाय, आवाज न करता, अदबीने, जरा मागे सरले. त्याच्या पायांना जागा व्हावी म्हणून.

मर्टी सरळ बसला. समोर चार खुर्च्या, रिकाम्या. त्यांच्यापुढे चार हिरवे पेले, जे त्याने तिथे ठेवलेच नव्हते.

“भितोस?” नोनीने विचारलं.

“हो गं.”

“मीही भ्यायले होते पहिल्या दिवशी. मग त्यांनी मला चहा ओतला.” तिने त्याच्या तुटक्या बोटावर हात ठेवला. तिचा हात ऊबदार होता. “माझी सही राहिलीय, मर्टी. इतके दिवस जेवतेय त्यांच्याकडे, बरं दिसत नाही. पण हाताला अक्षर येत नाही आता. तू लिही ना. तुझं अक्षर मला आवडतं.”

पेन्सिल टेबलावरच होती. ती कुणी ठेवली, हे त्याने विचारलं नाही. लिहिलं तर ती त्यांची. नाही लिहिलं तर शुक्रवारी गाडी येणार आणि मग ती कुणाचीच नाही. परक्या गावी, पांढऱ्या खोलीत, जिथे तिचं नावही कुणी घेणार नाही.

“लिहितो,” तो म्हणाला. तो हटून बसला. “पण आधी माझ्याकडे जेव. त्यांच्याकडे जेवलीस, माझ्याकडे नाही. मी काय पाप केलंय? दोन महिने मांडतोय हे टेबल.”

नोनीने त्याच्याकडे पाहिलं. मग समोरच्या खुर्च्यांकडे, विचारल्यासारखं.  कुठेतरी लाकूड करकरलं, कुणी मागे रेलून बसावं तसं.

“बरं,” ती म्हणाली आणि तोंड उघडलं.

मर्टीने चमच्याने बटाटा कुस्करला आणि घास दिला. तिने तो चावला.

“मीठ कमी आहे.”

“जेरीसारखं बोलू नकोस. घालतो.”

ती हसली. दुसरा घास घेतला, तिसरा. पेग ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती, कधीची कोण जाणे. तिच्या मागे मिल्का, हातात फडकं.  पाचव्या घासाला पेग खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. “उन्हाळ्यापर्यंत,” ती म्हणाली. “उन्हाळ्यापर्यंत राहू दे, डॅडी.”

त्या दोघी चहा ठेवायला गेल्यावर मर्टीने पेन्सिल उचलली. शब्द दिलेला. त्याने बशी सरकवली आणि हळूहळू, जीभ दातांत धरून, तिचं नाव लिहिलं. शेवटच्या अक्षराची शेपटी खाली घसरली. काल पावाने पुसलं होतं, तिथेच, तेच, तसंच.

“आणि तुझं?”

“मी कुठे जेवलोय तुमच्याकडे?”

नोनीने आपल्या नॅपकिनखालून पावाचा तुकडा काढला. अजून कोमट होता. मर्टीने तो तोंडात घातला. शहाजिरं दाताखाली आलं. चांगला होता पाव, खोटं कशाला बोला.

मग त्याने तिच्या नावाशेजारी आपलं नाव लिहिलं. तिला तिथे ओळखीचं कुणी असावं म्हणून.

७

चादर त्याने काढलीच नाही. त्या दिवसानंतर नोनी दोन वेळा जेवू लागली. एकदा दुपारी तीनला, बंद दाराआड. आणि एकदा संध्याकाळी, त्याच्या हातून. मर्टीने त्यावर कधी हरकत घेतली नाही.

तिच्या नावावर हिरवा दोरा चढत होता. दिवसाला चार टाके, कधी पाच. घाई नव्हती. एप्रिलात पहिलं अक्षर भरलं. मे महिन्यात पेग आली आणि म्हणाली, “आई पुन्हा भरतकाम करायला लागली? डॅडी, किती सुरेख साखळी टाका आहे!” मर्टी म्हणाला, “हो, छान आहे.” पेन्सिल कुठे आहे आणि पाव कसा वापरायचा हे त्याला रोज आठवत होतं. त्याने नाव पुसलं नाही. एवढंच केलं की दुपारी तो चादरीचा तो कोपरा दोन्ही हातांनी ताणून धरून बसायचा, नोनीच्या लोकरीच्या लडी धरायचा तसा. ताणलेल्या कापडावर टाका सारखा पडतो.

जूनच्या अखेरीला घसरलेली शेपटी भरून झाली. त्या दुपारी नोनी खिडकीपाशी बसल्या बसल्या गेली. मर्टी शेजारीच होता. तो जवळ वाकला तेव्हा तिच्या ओठांना चहाचा आणि शहाजिऱ्याचा वास होता.

सगळं झाल्यावर पेगने खोकी आणली. या वेळी तिने विचारून भरली. “पेले नेऊ, डॅडी?”

“ने.”

“मेणबत्तीदाण्या?”

“मिल्काला दे. म्हणावं, तुझ्याच होत्या.”

“आणि ही चादर?”

“ती राहू दे.”

“आणि तू? तू चल ना माझ्याकडे. एकटा काय करशील इथे?”

“येईन,” मर्टी म्हणाला. “एक काम राहिलंय, ते आटपलं की.”

पेगची गाडी उतारावरून खाली गेली. त्याने दार लावून घेतलं, हात धुतले, जेवणघरात आला आणि आपल्या खुर्चीवर बसला. टेबलावर काही नव्हतं, फक्त चादर. नोनीचं नाव हिरवं, भरलेलं. त्याच्या शेजारी त्याचं, करडं. त्याने मधल्या बोटाच्या पेराने टेबल ठोकलं आणि कान दिला.

भरीव वाजलं.

“नोनी,” तो हळूच म्हणाला, “त्या टाके घालणाऱ्या घरच्या बाईंना सांग, मला घाई नाही. पण सुरुवात करायला हरकत नाही.”

पलीकडून कुणीतरी हसलं, आणि छपराचे पत्रे किंचित हलले. मर्टीने चादरीचा कोपरा दोन्ही हातांत घेऊन ताणून धरला. थोड्या वेळाने, अगदी सांभाळून, कापडाच्या खालून पहिला टाका वर आला.